दंश, लेप आणि पडताळा



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आम्हांला बोलावणे धाडले तेव्हा त्यांची समजूत अशी होती की, आम्ही बोनसवर बोलू, कंत्राटी पद्धतीवर बोलू, निदान बांधकाम मजुरांच्या घरांवर तरी बोलू. आम्ही विषय कळवला, 'गांधीलमाशी चावल्यावर काय लावावे आणि ते गुण देते हे कशावरून'. चिटणीस क्षणभर गप्प राहिले. आम्ही थट्टा करतो आहोत असे त्यांना वाटले असावे. ही थट्टा नाही. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे हा प्रश्न आमच्या मानगुटीवर बसलेला आहे. तो कसा बसला हे सांगितल्यावाचून आजचे बोलणे पुढे सरकणार नाही.

आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत. पुढे जे काही पदरात पडले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि भल्या माणसांच्या संगतीत. तेव्हा बोलण्यात पंडिताची सफाई दिसली नाही तर श्रोत्यांनी सांभाळून घ्यावे.

प्रथम एक गोष्ट करू. या मंडपातल्या प्रत्येकाने मनातल्या मनात उत्तर द्यावे. गांधीलमाशी चावली तर आपल्या घरी काय लावतात? कोणी म्हणेल चुना. कोणी म्हणेल कांदा चोळावा. कोणी चावी, खिळा, जे हाती येईल ते लोखंड घासेल. कोणी खाण्याचा सोडा भिजवून लावील, कोणी व्हिनेगर, कोणी दात घासायची पेस्ट. विंचवाला चिंचोका उगाळून चिकटवतात आणि तो विष ओढून घेतो म्हणतात. उपाय दहा आहेत, खात्री मात्र दहाही जणांची सोळा आणे. आता हे दहाही उपाय खरे असतील काय? आणि नसतील, तर दहाही घरांत गुण कसा येतो?

आता आमची हकीकत. १९९८ साल. एका कालव्यावर पूल बांधण्याचे काम चालू होते. कंत्राटदार कोण, गाव कोणते, याला आज महत्त्व नाही. आमची युनियन नुकतीच तिथे उभी राहिली होती आणि आम्ही आठवड्यातून दोनदा कामावर फेरी मारीत असू. पुलाच्या तुळईखाली आग्या मोहोळ होते. पोळे काढा असे मजुरांनी दोनदा सांगितले होते, पण मुकादमाला वेळ नव्हता. एके दिवशी सकाळी फळ्या ठोकताना पोळे उठले. पुष्कळांना माश्या चावल्या. त्यांत एक तिशीचा गवंडी होता, मराठवाड्यातला. त्याला फार नाही, पाच-सहा ठिकाणी चावल्या होत्या. दुसऱ्या एकाला तर चाळीसएक काटे होते. साहजिकच सगळे त्या चाळीसवाल्याकडे धावले.

गवंड्याकडे आम्ही गेलो. कामावरच्या पेटीत एक मलम होते, कंत्राटदाराने नव्यानेच आणलेले. डबीवर माशीचे चित्र होते. आम्ही ते मलम त्याच्या मानेवर आणि हातांवर चोळले. एका म्हाताऱ्या बाईने चुना लावला. तो म्हणाला, 'दादा, खाज सुटलीय सगळ्या अंगाला.' आम्ही म्हणालो, 'मलम लावलंय, उतरेल आता.' तो म्हणाला, 'घसा धरल्यासारखा वाटतोय.' आम्ही त्याला पाणी दिले, धीर दिला आणि उठवून बसवले. मलमाला आपले काम करायला अवधी द्यावा, असा आमचा हिशेब. त्याचे ओठ सुजलेले आमच्या लक्षात आले तेव्हा गाडीची धावाधाव सुरू झाली. तालुक्याचे रुग्णालय अठरा किलोमीटर. तो वाटेतच गेला. चाळीस काटेवाला आठ दिवसांनी कामावर आला.

युनियनने भरपाईसाठी भांडण केले, ते आम्ही जिंकलो. पोळे वेळेवर काढले नाही याबद्दल आम्ही मुकादमाला बोललो, कंत्राटदाराला बोललो, तेही योग्यच होते. पण ती डबी आमच्या हातात होती. ती वीस मिनिटे आमच्या हातून गेली. त्याचा जाब आम्ही कोणाला विचारणार?

तेव्हापासून आम्ही वाचू लागलो. जे समजले ते सोप्या शब्दांत सांगतो.

मधमाशीच्या नांगीला उलटे काटे असतात. ती चावली की नांगी आपल्या कातडीत रुतते आणि माशी उडताना ती तिच्या शरीरातून तुटून मागे राहते. नांगीबरोबर विषाची पिशवीही राहते आणि माशी गेल्यावरही ती पिशवी आपली आपण आत विष ढकलीत असते. बहुतेक विष पहिल्या वीस-तीस सेकंदांतच आत जाते. गांधीलमाशीची नांगी रुतून बसत नाही, म्हणून ती एकटी पुन्हा पुन्हा चावू शकते. विष अगदी थोडे असते, मधमाशीच्या एका दंशात एका मिलिग्रॅमच्या दहाव्या भागाच्या आसपास. पण ते कातडीच्या आत सोडलेले असते. वरून लावलेला चुना किंवा सोडा तिथवर पोचतच नाही. मधमाशीचे विष आंबट म्हणून त्याला सोडा, गांधीलमाशीचे खारट म्हणून त्याला व्हिनेगर, असे पाठ केलेले पुष्कळांना आठवत असेल. ऐकायला हिशेब चोख आहे. पण दुखते ते आंबटपणामुळे नव्हे. त्या विषातली प्रथिने आपल्या शरीराच्या पेशी फोडतात, आग होते ती त्यांची.

आणखी एक समजूत. नांगी चिमटीने काढू नये, पिशवी दाबली जाऊन विष आत जाते. सुरीच्या बोथट बाजूने खरवडून काढावी. आम्हीही वर्षानुवर्षे हेच सांगत होतो. तीन संशोधकांनी याचा पडताळा घेतला आणि १९९६ साली तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. चिमटीने काढा की खरवडून काढा, गांधी सारखीच येते; फरक पडतो तो किती लवकर काढली याने. म्हणजे सुरी शोधायला जे धावतात ते त्या धावण्यात विष आत जाऊ देतात. शहाणपणाच्या नावाखाली चाललेली एक दिरंगाई एका साध्या प्रयोगाने उघडी पडली.

आता मूळ प्रश्न. दहा घरांत दहा उपायांनी गुण का येतो? उत्तर साधे आहे. बहुतेकांचे दुखणे आपोआपच उतरते. पहिली काही मिनिटे तीव्र आग होते, मग तासा-दोन तासांत ती ओसरते. सूज दोन-तीन दिवस रेंगाळते. या उताराच्या वाटेवर जो कोणी भेटेल, तो चुना असो की कांदा, श्रेय त्याच्या पदरात पडते. खेड्यात मृग लागला की पोरे धोंडी मागायला निघतात. पाऊस येतो, आणि पोरांना वाटते आपण मागितला म्हणून आला. पोरांना कोणी दोष देत नाही. पण त्यावर पाटबंधारे खाते चालवता येत नाही.

लोखंड घासण्यावरून एक जुनी गोष्ट सांगतो. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात एलिशा पर्किन्स नावाचा वैद्य होता. त्याने १७९६ साली धातूच्या दोन टोकदार कांड्यांचे पेटंट घेतले. दुखऱ्या भागावरून त्या ओढल्या की दुखणे निघून जाते असा त्याचा दावा होता. पुढे त्याच्या मुलाने त्या लंडनात विकल्या, जोडीला पाच गिनी. शिफारसपत्रांचा खच पडला. तेव्हा जॉन हेगार्थ नावाच्या डॉक्टरने १७९९ साली बाथ या गावी एक युक्ती केली. त्याने लाकडाच्या कांड्या करवल्या, हुबेहूब धातूच्या दिसतील अशा रंगवल्या आणि पाच रोग्यांच्या अंगावरून फिरवल्या. पाचांपैकी चौघांनी सांगितले, बरे वाटले. दुसऱ्या दिवशी खऱ्या कांड्या फिरवल्या, गुण तितकाच आला. त्या रोग्यांना खोटारडे म्हणण्याचे कारण नाही, त्यांना खरोखरच बरे वाटले होते. पण ते बरे वाटणे धातूचे नव्हते. पाच गिनी मात्र धातूच्या घेतल्या जात होत्या.

लेप लावून बरे वाटणे ही एक गोष्ट आणि लेपामुळे बरे वाटणे ही दुसरी. या दोहोंतला भेद ओळखण्यासाठी दोन डब्या लागतात. एका डबीने तो कधीच ओळखता येत नाही.

ही गोष्ट आम्हांला पुस्तकातून कळली असली तरी पटली ती कामावर. पुलाच्या प्रसंगानंतर काही वर्षांनी एक गृहस्थ आमच्या कचेरीत आले. त्यांच्याकडे दंशावरचे एक नवे मलम होते. ते म्हणाले, डब्या फुकट देतो. तुमच्या मजुरांना वापरू द्या आणि गुण आल्याचे लिहून त्यांचे अंगठे द्या. म्हणजे मलम आमच्या लोकांवर आजमावायचे आणि आमच्याच लोकांच्या अंगठ्यांवर ते बाजारात न्यायचे. आम्ही विचारले, 'ज्यांना गुण येणार नाही त्यांचे अंगठे कुठल्या कागदावर घ्यायचे?' तसा कागद त्यांनी आणला नव्हता. आम्ही म्हणालो, मजुरांच्या सभेत प्रश्न ठेवू.

सभेत बरीच गरमागरमी झाली. एक म्हणाला, फुकट मिळते ते का सोडा. एक बाई म्हणाली, आम्ही काय उंदीर आहोत? शेवटी ठरले ते असे. मलमाचा पडताळा आपणच घ्यायचा, पण आपल्या अटींवर. ज्याची मर्जी असेल त्यानेच भाग घ्यायचा, नको म्हणणाऱ्याची मजुरी बुडता कामा नये, चेहरा सुजला किंवा श्वास लागला तर डबी फेकून तडक दवाखाना, आणि निकाल काहीही लागो, तो सगळ्यांसमोर वाचला जाईल. पुढे वाचनात आले की माणसांवर औषध आजमावताना जगभर ज्या अटी पाळतात त्या थोड्याफार याच आहेत. मजुरांनी त्या पुस्तक न वाचता मांडल्या, याचे आम्हांला आजही समाधान वाटते.

ओळखीच्या एका औषधविक्रेत्याने सारख्या डब्या भरून दिल्या. काहींत ते मलम, काहींत नुसते व्हॅसलीन. कोणत्या डबीत काय, ते त्याच्या वहीत. आम्हांला ठाऊक नाही, मजुरांना ठाऊक नाही. पण दोनच दिवसांत सगळ्या कामावर गुपित फुटले, कारण मलमाला निलगिरीचा वास होता आणि व्हॅसलीनला नव्हता. 'मला वासाची डबी द्या' म्हणून भांडणे लागली. पहिला डाव मोडला. दुसऱ्या खेपेस व्हॅसलीनमध्येही निलगिरीचे थेंब घातले. मग प्रश्न आला, दुखणे मोजायचे कसे? एका वृद्ध गवंड्याने तोडगा काढला. म्हणाला, रुपयात किती आणे दुखतंय ते सांगा. सोळा आणे म्हणजे असह्य, शून्य म्हणजे काही नाही. चावल्याबरोबर एकदा, अर्ध्या तासाने एकदा आणि काम सुटताना एकदा आणे लिहून ठेवायचे.

अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या मायकेल स्मिथ या विद्यार्थ्याने आपल्या स्वतःच्याच अंगावर पंचवीस ठिकाणी मधमाश्या चाववून घेतल्या आणि प्रत्येक जागेच्या दुखण्याला एक ते दहा असे गुण दिले. मोजमाप ढळू नये म्हणून तो रोज आरंभी आणि शेवटी हातावर एकेक दंश घेऊन त्याच्याशी ताडून पाही. सर्वांत जास्त दुखले ते नाकपुडीत. हे वाचताना आम्हांला आमचा गवंडी आठवला. दुखणे मोजता येते, मोजणाऱ्याने प्रामाणिक मात्र असावे लागते.

आमच्या वहीचा निकाल सांगतो. दोन पावसाळ्यांच्या नोंदी झाल्या. औषधविक्रेत्याची वही आणि आमची वही सभेत समोरासमोर उघडली. मलमवाल्यांचे आणे आणि व्हॅसलीनवाल्यांचे आणे एकाच चालीने उतरले होते. सभेत हशा पिकला. ज्या बाईने उंदराची गोष्ट काढली होती, तिला सर्वांत लवकर उतार पडला होता आणि तिची डबी व्हॅसलीनची निघाली. ती म्हणाली, 'म्हणजे मी उगाच बरी झाले?' आम्ही म्हणालो, 'तुम्ही खरोखरच बऱ्या झालात, डबी उगाच होती.'

आमचा पडताळा कच्चा होता. नोंदी थोड्या, काही गहाळ, काहींनी दोन्ही डब्या लावलेल्या. त्यावरून जगाला काही सांगण्याचा आमचा अधिकार नाही. पण ज्यांचा अधिकार आहे त्यांनी घेतलेले पडताळे आहेत. ऑस्ट्रेलियात दंशावर अ‍ॅस्पिरिनची गोळी भिजवून लावण्याची चाल होती. तिथल्या डॉक्टरांनी मधमाशी किंवा गांधीलमाशी चावलेल्या ५६ जणांवर तिचा पडताळा घेतला. कोणाला अ‍ॅस्पिरिनचा लेप आणि बर्फ, कोणाला नुसता बर्फ, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवले. २००३ साली निकाल छापला गेला. अ‍ॅस्पिरिनने दुखणे लवकर थांबले नाही. उलट कातडीचा लालपणा अधिक वेळ टिकला.

पडताळा म्हणजे केवळ नकाराचा शिक्का, असे मात्र कोणी समजू नये. पावसाळ्यात जुहूच्या किनाऱ्यावर निळे, फुग्यासारखे दिसणारे जीव वाहून येतात आणि त्यांच्या दोऱ्यांचा चटका मुंबईकरांना ठाऊक आहे. ऑस्ट्रेलियात तसाच एक प्रकार आहे. तिथे ९६ जणांवर पडताळा घेतला. काहींना बर्फ, काहींना ४५ अंशाचे, सोसवेल इतके गरम पाणी. वीस मिनिटांनी गरम पाणीवाल्यांपैकी शंभरात ८७ जणांचे दुखणे कमी झाले होते, बर्फवाल्यांत ३३ जणांचे. फरक इतका ढळढळीत की तो प्रयोग ठरल्यापेक्षा आधीच थांबवला. हे २००६ साली प्रसिद्ध झाले. ज्या चाळणीने अ‍ॅस्पिरिन गाळून टाकले, त्याच चाळणीतून गरम पाणी मानाने पार पडले. म्हणून आम्ही म्हणतो, चाळणीवर राग नसावा.

कोणी म्हणेल, या विलायतेच्या गोष्टी झाल्या. तर आपल्या कोकणातली ऐका. विंचू हा कीटक नव्हे, तो कोळ्याच्या कुळातला; पण दंशाच्या गोष्टीत त्याला वगळता येत नाही. लाल विंचू चावला की पूर्वी कोकणात शंभरात तीसपर्यंत माणसे दगावत. मांत्रिक होते, चिंचोका होता, आघाड्याची मुळी होती. दंशावर काही ना काही लावले जात होते आणि हृदय तिकडे बंद पडत होते. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. ते रोग्यांच्या उशाशी बसले, नाडी, रक्तदाब, घाम, थंड पडलेले हातपाय यांच्या नोंदी केल्या. खरा घाला दंशाच्या जागी नाही, हृदयावर आहे हे त्यांनी ओळखले आणि रक्तदाबावरचे प्राझोसिन हे स्वस्त औषध तोंडाने देऊन पाहिले. माणसे वाचू लागली. पण ते तिथे थांबले नाहीत. विंचवावरील प्रतिविष त्याच्या जोडीला दिल्यास अधिक गुण येतो काय, याचा पडताळा त्यांनी महाडला ७० रोग्यांवर घेतला. नुसते प्राझोसिन दिलेल्या ३५ पैकी ८ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले, दोन्ही दिलेल्या ३५ पैकी ३२. २०११ साली ते ब्रिटिश मेडिकल जर्नलात आले. तालुक्याच्या गावी, शेतमजुरांच्या खाटेपाशी हे काम झाले. तेव्हा पडताळा ही मोठ्या शहराची मिरास आहे असे आम्हांला कोणी सांगू नये.

आता पुन्हा त्या पुलावर येऊ. आमच्या गवंड्याला विषाने मारले नाही, इतक्या थोड्या विषाने माणूस मरत नाही. काही माणसांच्या शरीराला हे विष इतके वर्ज्य असते की एका दंशानेही सर्वांगावर गांधी उठतात, घसा सुजतो, रक्तदाब कोसळतो. अशा मृत्यूंच्या इंग्लंडातल्या अभ्यासात दिसले की, दंशापासून श्वास किंवा हृदय थांबेपर्यंत साधारण पंधरा मिनिटे मिळतात. त्यावर औषध आहे, अ‍ॅड्रेनलिनचे इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या अंगाला, स्नायूत. १९०१ साली जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाने ते वेगळे काढले, म्हणजे ते शंभर वर्षांहून जुने आहे. एका कुपीला फार पैसे पडत नाहीत. त्या दिवशी पेटीत मलम होते, ही कुपी नव्हती आणि ती टोचणारा माणूसही नव्हता.

लेप बहुधा अपाय करीत नाही, मग लावला तर काय बिघडले, असे पुष्कळ सज्जन म्हणतात. बिघडते ते एवढेच: लेप लावला की आपल्याला काहीतरी केल्यासारखे वाटते आणि हात रिकामे असताना जे डोळ्यांना दिसले असते, ते दिसत नाही. आम्हांला ओठांची सूज दिसली नाही. कंत्राटदारालाही मलमाची पेटी भिंतीवर टांगली की कर्तव्य केल्यासारखे वाटते. १९४८ च्या कारखाना कायद्याने दर दीडशे कामगारांमागे प्रथमोपचाराची एक पेटी सांगितली होती. पेटीसाठी आम्ही जन्मभर भांडलो. पण पेटीत जे आहे ते पडताळून घेतलेले आहे काय, हा प्रश्न आम्ही मागण्यांच्या यादीत फार उशिरा घातला. आज तो पहिल्या पानावर आहे. मोहोळ असलेल्या कामावर अ‍ॅड्रेनलिन हवे, ते टोचायला शिकलेला माणूस हवा, गाडी हवी. आणि मुळात काम सुरू होण्याआधी जाणत्या माणसाकडून पोळे हलवलेले हवे. हे आम्ही काही ठिकाणी मिळवले, पुष्कळ ठिकाणी मिळवायचे आहे.

घरी जाताना एवढे लक्षात ठेवा. माशी चावली तर आधी तिथून दूर व्हा. नांगी रुतली असेल तर नखाने, चिमटीने, जमेल तशी ताबडतोब काढा. अंगठी, बांगडी उतरवा. जागा धुऊन फडक्यात गुंडाळलेला बर्फ किंवा थंड पाण्याची घडी ठेवा. चुना लावलाच असेल तर त्यावरून आजीशी भांडू नका. पण अर्धा तास माणसाच्या तोंडाकडे पाहा, दंशाकडे नव्हे. सर्वांगाला खाज, ओठांना किंवा जिभेला सूज, आवाज बसणे, धाप, घेरी, ओकारी यांपैकी काही दिसले तर त्याला उठवू-बसवू नका. आडवे ठेवा, पाय उंच करा. धाप फार असेल तरच टेकून बसू द्या. १०८ ला फोन करा आणि गाडी येताच तडक दवाखाना गाठा.

ती मलमाची डबी आमच्याकडे अजून आहे. युनियनच्या कचेरीत कपाटात ठेवली आहे. नवा कार्यकर्ता आला की आम्ही त्याला ती दाखवतो आणि विचारतो, 'यात काय आहे?' तो वरचे नाव वाचून दाखवतो. आम्ही म्हणतो, 'हे डबीवर आहे. डबीत काय आहे ते विचारले.' बहुतेक जण गप्प राहतात. मग आम्ही त्याला पुलाची गोष्ट सांगतो.